गोड म्हटलेलं पाणी

आमच्या काकांनी वसईत एकामागोमाग तीन वॉटर पार्क काढले. त्यांतला पहिला म्हणजे मुळात आमच्या वाडीतली शिंपणाची टाकी. पंपाने विहिरीचं पाणी तिच्यात पडायचं आणि तिथून पाटाने केळींना, पानवेलींना जायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काकांच्या ओळखीची मुंबईची मंडळी उन्हाळ्यात यायला लागली आणि टाकीत डुंबायला लागली. पावसाळ्यात हीच माणसं चिंचोटीच्या धबधब्यावर जायची. पण वैशाखात धबधबा कुठून आणणार? काकांनी टाकी ऐसपैस वाढवली, आतून निळा रंग दिला आणि फाटकावर तिकीट लावलं. वॉटर पार्क हा शब्द तेव्हा कुणाच्या गावी नव्हता. पाटीवर नुसतं ‘पोहण्याचा तलाव’ होतं. कॉलेजच्या सुट्टीत तिकिटं फाडायचं काम माझ्याकडे आलं आणि माझी मिजास भलतीच वाढली.

आमच्याकडे विहिरीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर टेकलेलं असतं. उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी घरातलं वडीलधारं माणूस ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, खुळखुळवून थुंकायचं आणि मोठ्याने सांगायचं, गोड की मचूळ. मचूळ म्हटलं की त्या दिवशी पंप बंद, विहिरीला आराम. आमच्या घरी हा मान वडिलांचा.

विहीर सामाईक होती. पलीकडच्या अर्ध्या वाडीत माझी आत्या राहायची. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी आली. आजोबांनी तिला दिलेली ती अर्धी वाडी आणि तिने स्वतः लावलेली पानवेल, एवढाच तिचा संसार. तिच्या पानांना बाजारात नाव होतं. भावजयांच्या हाताकडे बघावं लागत नाही, असं ती ठसक्यात सांगायची. भाऊ ‘गोड’ म्हणाला की ती आपल्या वेलीला पाट सोडायची.

तलावावर गर्दी वाढली. रोज पाणी बदलायचं, रोज पंप. सुट्टीच्या दिवशी मचूळ म्हणायचं तर फाटकावरच्या बसगाड्या परत पाठवायच्या. वडिलांच्या तोंडून तो शब्द निघेनासा झाला. काकांनी समुद्राच्या बाजूला दुसरा तलावही काढला आणि त्याला झोकात ‘नंबर दोन’ म्हणायला लागले. गावातली टवाळ माणसं त्यावर ‘दोन नंबरचा धंदा’ म्हणून खिदळायची. काकाही हसायचे.

इकडे आत्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. तिने खत बदललं, लिंबाच्या पाल्याचं पाणी फवारलं, नवस बोलली. दर दोन दिवसांनी एक पान घेऊन वडिलांकडे यायची. “दादा, बघ ना, कसला रोग पडलाय?” वडील ते पान उलटंसुलटं करायचे आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, “यंदा सगळीकडंच फिरतोय.”

एका रविवारी वडील तापाने पडले. काकांनी मला विहिरीवर पाठवलं. मी ओंजळ तोंडात घेतली आणि जीभच आखडली. मचूळ कसलं, चक्क खारट! कुंपणापलीकडे आत्या फावडं घेऊन उभी होती. “काय गं, गोड हाय ना?” तिने विचारलं. फाटकावर पहिली बस येऊन थांबली होती.

“गोड,” मी म्हणाले.

तिने पाट सोडला. मला वडिलांचा राग येतो, काकांचा येतो. पण तोंड पुसून तिकिटं फाडायला गेलेल्या त्या मुलीचा सगळ्यात जास्त येतो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेल बसली. आत्याने ती स्वतःच्या हाताने उपटली. काकांचा तिसरा तलाव, उंच घसरगुंडीचा, तिच्याच वाडीत उभा राहिला आणि पाणी टँकरने यायला लागलं. काकांनी फार उपकार केल्यासारखं तिला कपडे बदलायच्या खोल्यांवर बसवलं. परक्या माणसांचे ओले टॉवेल ती दिवसभर पिळायची.

एका दुपारी मला राहवलं नाही. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगून टाकलं. पाणी खारं होतं, मला कळलं होतं, वडिलांनाही कळत होतं. ती थोबाडीत देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

ती टॉवेल पिळतच राहिली.

“मलाही खारंच लागायचं गं,” ती म्हणाली. “मी रोज चाखायचे. पण दादा गोड म्हणतो, तू गोड म्हणतेस. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली. वैद्याकडं जाऊन दोन महिने जिभेचं औषध घेतलं मी.”