वन्संकडचा चहा

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या आजारपणाची हकीगत मी तुम्हाला सविस्तर कधी लिहिली नव्हती. आता लिहिते आहे, कारण माझ्या नणंदबाईंना, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहिणीला, व्हिडिओ कॉल करता यायला लागला आहे. त्यांनी सांगण्याआधी तुम्ही माझ्याकडून ऐकलेलं बरं.

आम्ही करकंबला, आणि वन्सं आमच्या मागच्या गल्लीत. त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा घेऊन खोलीत गेले, तर हे पलंगावर बसलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर लुळा, बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज. शेजाऱ्यांच्या गाडीतून तालुक्याला नेलं. वन्संही गाडीत चढल्या. मी नको म्हटलं नाही, पण हॉस्पिटलात पोचल्यावर "तुम्ही बाहेर बसा, आत गर्दी नको," असं मात्र म्हटलं.

तिथे मेंदूचे डॉक्टर नाहीत. ते पुण्यात असतात आणि चाकाच्या स्टँडवरच्या पडद्यावर दिसतात. सीटी स्कॅन त्यांनी तिकडेच पाहिला. रक्तस्राव नव्हता, गुठळी असावी, असं म्हणाले.

"आजोबा, हसा बघू. आता दोन्ही हात समोर धरा."

डावा राहिला, उजवा खाली आला. सिस्टर कॅमेरा फिरवत होत्या. मी यांच्या उशाशी बसून प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर देत होते. यांची सगळी औषधं मला तोंडपाठ.

"शेवटचे अगदी ठीक कधी होते?"

"रात्री दहाला, झोपताना," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "मग अवघड आहे. झटका रात्रीच आला असेल तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "रातच्याला कशाला? सकाळी माझ्या चुलीपाशी बसला हुता की!"

"वन्सं, काहीतरी बोलू नका. हे झोपलेले होते."

"तुमी झोपला हुता, वैनी. त्यो रोज येतो."

रोज! आणि मला पत्ता नाही.

"त्या आजींना पुढे येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. मला खुर्ची सरकवावी लागली. कॅमेरा वन्संकडे वळला.

"नीट बोलत होते का?"

"व्हय की. उजव्या हातानं बशी धरली, भुरकं मारलं. वर म्हनला, अक्का, अजून साखर घाल, पर तिला सांगू नगंस."

सिस्टर तोंड फिरवून हसल्या. यांच्या साखरेवर इतकी वर्षं पहारा मी द्यायचा, आणि बशी भरायची वन्संनी!

"किती वाजता?"

"डेअरीची गाडी आली तवा."

पुण्याच्या डॉक्टरांना आमची डेअरीची गाडी काय कळणार? त्यांनी माझं नाव घेऊन विचारलं. वन्संचं म्हणणं खोटं ठरावं असं मला मनापासून वाटत होतं. पण सकाळी यांच्या चपला पलंगाखाली ओल्या दिसल्या होत्या, आणि त्या गल्लीत पहाटे नळाचं पाणी वाहतं. परत येऊन हे पुन्हा आडवे झाले असणार.

"गाडी सहाला येते," मी म्हटलं. "शी इज राइट, डॉक्टर."

बाकीच्या तपासण्या आटोपून लगेच इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत उजवा हात हलायला लागला. पहिला स्पष्ट शब्द तोंडून आला तो "अक्का". मी तेव्हा त्यांचे पाय चेपत होते.

आता ते बोलतात, चालतात, माझ्याशी वादही घालतात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून नीट वळत नाहीत, त्यामुळे बाहेर पडताना शर्टाची बटणं लावायला त्यांना मला उठवावं लागतं. पहाटेचा चहा अजून वन्संकडेच होतो.