बसल्या जागेचं रीडिंग

मीटरबाईला कशाकशाची किळस येत नसे, त्याची यादीच मोठी होती. जिन्याखालच्या अंधारात, पालीच्या अंड्यांत, झुरळांच्या पंखांत आणि कोणीतरी थुंकून ठेवलेल्या कोपऱ्यांत हात घालून तिनं एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. एकदा पेटी उघडताच मेलेला उंदीर अंगावर पडला, तेव्हा तो झटकून तिनं आधी आकडा लिहिला आणि मग हात धुतले. तिला शिसारी येई ती माणसांची. त्यातही ऑफिसातल्या त्या चौघांची, जे टपरीवर चहा ढोसत गेल्या महिन्याच्या आकड्यात थोडे मिळवून नवा आकडा ठोकून देत. ज्या टेबलाशी ते बसत, तिथं ती डबासुद्धा उघडत नसे. नाकाने कांदे सोलते म्हणून लोक तिला हसत. तिनं कधी पर्वा केली नाही.

निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात राहायची वेळ आली आणि घरातल्या इंटरनेटचा तिला वीट आला. मेल्या केबलवाल्यानं एकाच तारेला आठ बिऱ्हाडं लटकवली होती. त्यात सुनेचं ऑफिसचं काम, मुलाच्या मॅची आणि चार वर्षांच्या नातीचं हत्तीचं कार्टून, तेही एकच, दिवसातून वीस वेळा. हत्ती सोंड उचलायचा आणि तिथंच अडकायचा. पडद्यावरचं ते गरगरणारं चक्र बघून मीटरबाईच्या डोक्यात तिडीक जाई.

"तोच हत्ती दर वेळी बाहेरून कशाला आणायचा रे?" ती एकदा मुलावर खेकसली. "सकाळी आणला होता तो कुठं गेला?"

मुलानं आईचं बोलणं कधी नव्हे ते मनावर घेतलं. माळ्यावरचा जुना संगणक काढून, पुसून त्यानं तो टीव्हीखाली ठेवला आणि घरातले सगळे फोन त्याला जोडले. "आता एकदा बाहेरून आलेली गोष्ट ह्याच्या पोटात राहणार. पुन्हा कोणी मागितली की हा घरातूनच देणार. तारेवर भार नाही."

हत्ती धावायला लागला. घरात कौतुक झालं आणि कौतुकानं मुलगा चढला. दोन दिवसांनी तो म्हणाला, "काही वेबसाइटची पानं मात्र सांगतात, आम्हाला साठवू नका, दर वेळी नव्यानं विचारा. मी त्यांचं ऐकायचंच बंद करून टाकलं. चोवीस तास सगळं पोटात! आता बघा वेग." मीटरबाईनं मान डोलावली. एकतीस वर्षांत असली सबब कोणी सांगितली असती तर तिनं त्याची सालटी काढली असती. पण पान चुटकीसरशी उघडत होतं, आणि सोय झाली की भल्याभल्यांची अक्कल झोपते.

मीटरबाईची ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि दुप्पट ताठ. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, एका खोलीत एकटीच राहायची. माझ्याकडे राहायला ये म्हणून मीटरबाई दोन वर्षं तिच्या मागे लागली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठं ती कबूल झाली, तीही अट घालून.

"सोडतील त्या दिवशी तू स्वतः न्यायला ये. पोराला पाठवू नकोस. तू आलीस तर तुझ्याकडे, नाहीतर माझी खोली बरी. कोणाच्या घरात अडगळ होऊन पडायचं नाही मला."

"येते की नाही बघच!" मीटरबाई म्हणाली.

दवाखान्यात संध्याकाळशिवाय आत सोडत नसत. फोन करू नका, वेबसाइटवर पेशंटचा नंबर टाका, सगळं कळेल, असं खिडकीतल्या बाईनं मान वर न करता सांगितलं होतं. शुक्रवारी सोडणार असं वाटत होतं, म्हणून मीटरबाई सकाळी सातलाच तयार होऊन चपला घालू लागली.

"आई, दोन बस बदलून जाणार आणि फाटकाशी बसून राहणार? हेलपाटा कशाला? सोडलं असं पानावर आलं की निघ," मुलगा म्हणाला.

तिनं ऐकलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना जन्मभर शिव्या घातलेली बाई त्या दिवशी स्वतःच उंटावर चढली.

साडेआठच्या सुमाराला तिनं पान उघडलं. 'निरीक्षणाखाली.' दहाला उघडलं, अकराला, बाराला. 'निरीक्षणाखाली.' काय झटकन येतं, असं कौतुकही तिनं केलं. मधल्या वेळात खिडकीजवळ ताईचा पलंग लावला, उशी दोनदा बदलली. दोनला ताईचा फोन लावला तर बंद. चार्जर विसरली असेल, वेंधळी कुठली!

अडीचला चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तेव्हा पानाच्या तळाशी बारीक आकडे दिसले. ८:२६.

"हे काय रे?"

मुलानं पाहिलं आणि तो डोकं खाजवू लागला. "बहुतेक... तेच पान येतंय."

"तेच म्हणजे?"

"सकाळचं."

तिनं संगणकाची वायर हिसकून काढली. फोन थेट तारेवर गेला, चक्र गरगरलं, बराच वेळ गरगरलं आणि नवं पान आलं. 'रुग्णास सोडण्यात आले. वेळ ९:५०.' आकडे वाचून पोट भरलेल्या बाईनं सकाळपासून एक आकडा वाचला नव्हता. मुलगा काहीतरी बोलत होता, पण ती जिन्यात पोचली होती.

दवाखान्याच्या दारात फरशी पुसणारी बाई होती. "त्या आजी? पिशवी मांडीवर घेऊन दहापासून ह्या बाकावर बसल्या होत्या. पुसायला दोनदा उठवलं मी त्यांना. चहा देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, बहीण येईलच आता. दोन वाजेपर्यंत वाट बघितली, मग गेल्या भिंत धरत."

बाकाला खेटून कचऱ्याची बादली होती, तिच्यात वापरलेला कापूस आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. मीटरबाईला बादलीची नव्हे, स्वतःची किळस आली.

ताईच्या इमारतीचा तिसरा मजला चढून तिनं दार वाजवलं. टाके ओले असताना ताई ह्याच पायऱ्या चढून गेली होती.

"ताई, चुकलं माझं. घरातल्या त्या डब्यानं सकाळचंच पान दाखवलं. मी आपली तेच बघत बसले..."

आत खुर्ची सरकली. हळूहळू पावलं दारापाशी आली. मीटरबाईनं डोळे पुसले आणि पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"घरी जा," ताई आतून शांतपणे म्हणाली. "पान बघ तुझं. त्यात मी अजून दवाखान्यातच असेन."

दार इतका वेळ नुसतंच लोटलेलं होतं. आता आतून कडी लागली.