कुंदाच्या खडूच्या फुल्या

दुपारी चारला फोन वाजला. पडद्यावर कुंदाचं नाव होतं, म्हणून मी नेहमीसारखं म्हटलं, "बोला बाई, आज कुणाच्या घरात नाक खुपसलंत?" पलीकडे कुणी हसलं नाही. "मावशी, मी रेवा बोलतेय... कुंदाआत्याची भाची." "आत्या सकाळी गेली." चहा ठेवता ठेवता खाली बसली आणि उठलीच नाही, एवढंच तिला सांगता आलं. मी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले होते. तिथंच किती वेळ बसून राहिले, आठवत नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

कुंदा लोकांची घरं लावून द्यायची. तिला कुणी इंटिरिअर डिझायनर म्हटलं, की ती मागं वळून बघायची, ही कोण आली म्हणून. बिबवेवाडीत आमची दारं समोरासमोर होती. मी शाळेत शिकवायचे. एका संध्याकाळी बेल वाजवून तिनं माझ्याकडे खडू मागितले. "तुकडे चालतील. पोरांना चिमटीत धरता येत नाहीत ना, तेवढे." मला वाटलं, शिकवण्या घेत असेल. पण तिची तऱ्हाच निराळी होती. नवं घर घेतलेल्या माणसांना ती सांगायची, पंधरा दिवस सतरंज्या, गाद्या आणि भांडी एवढ्यावर राहा. घरातल्या प्रत्येकाजवळ खडूचा एक तुकडा. दिवसभरात जिथं आपणहून टेकाल, तिथं जमिनीवर फुली मारायची. आणि हो, तोवर फरशी पुसायची नाही! या अटीवरून कितीतरी घरांतल्या सासवा-सुना पहिल्यांदा एकमतानं तिच्यावर चिडल्या असतील. पंधरा दिवसांनी ती येऊन फुल्या बघायची, आणि जिथं फुल्यांची गर्दी तिथंच काय ते सामान. बाकीचं घर मोकळं. ओट्याची उंचीसुद्धा ती रोज पोळ्या लाटणाऱ्या माणसाला उभं करून, कोपरावरून ठरवायची.

लोणी काळभोरला एका बागायतदारांनी नवा बंगला बांधला होता. एका रविवारी कुंदानं मला सोबत नेलं. हॉल एवढा मोठा, की बोललेलं परत ऐकू यावं. मालकांच्या डोक्यात झुंबर होतं. फुल्या बघायला लागलो तर हॉलात एकच, तीही आमची रिक्षा दिसल्यावर घाईघाईनं मारलेली. बाकी सगळ्या मागच्या दाराच्या पायरीवर. "हितं वारं लागतंय, म्हशी बी दिसत्यात," मालकीणबाई सांगत होत्या. "हॉलात कोन बसतंय वो बाई? पाव्हणं आलं तरी हितंच येत्यात." कुंदानं ती पायरी चांगली रुंद करून घेतली, वर कौलं घातली, भाजी निवडायला एक बाक केला. मालकांनी चाचरत झुंबराचं विचारलं. "लावा की," कुंदा म्हणाली, "म्हशींना आवडेल."

माझ्या बिबवेवाडीच्या घरात सगळ्या फुल्या गॅलरीच्या उंबऱ्याशी निघाल्या होत्या. तिथं तिनं भिंतीला एक फळी मारून दिली, बसायला. बस्स. त्या फळीवर बसून मी वीस वर्षं वह्या तपासल्या, लेकाच्या, चिन्मयच्या शर्टांची बटणं लावली, ह्यांच्या आजारपणात एकटीच रडलेही. दुसरं काही तिनं करू दिलं नाही. मी छताला प्लास्टरची नक्षी हवी म्हणत होते, तर म्हणाली, "छताकडे बघत झोपतेस का डोळे मिटून?"

मग हे गेले, आणि चिन्मयनं वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला. मी म्हटलं, कुंदामावशीला विचारू या का? "आई, प्लीज, ते खडूबिडू आता नको ना. पॅकेजमध्ये सगळं येतं. तुला काही बघायलाच नको." मी त्याच्यावर ढकलतेय, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच हवं होतं. माझ्या बहिणीकडे होतं तसं, गुळगुळीत. वास्तुशांतीला कुंदा आली. हॉलच्या मधोमध उभं राहून तिनं पर्स उघडली, आणि तिच्या बोटांत खडूचा तुकडा मला दिसला. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पर्स बंद केली. सगळ्यांसमोर म्हणाली, "छान आहे हो घर. मालक कधी येणार राहायला?" मला ते फार लागलं. दीड महिना मी तिला फोन केला नाही. शेवटी एक दिवस दुपारी चारला तिनंच केला, काही झालंच नाही अशा आवाजात, आणि मग रोज चार वाजता करत राहिली.

वाघोलीच्या या घरात मोबाइलला धड रेंज येते ती एकाच जागी, फ्रिज आणि स्वयंपाकघराच्या खिडकीमधल्या बोळकांडीत. तिथं डबा पालथा घालून मी बोलायचे. एकदा तिनं विचारलं, "कुठं बसून बोलतेस गं?" "हॉलमध्ये. सोफ्यावर," मी ठोकून दिलं. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. "गुणी आहे सोफा," कुंदा म्हणाली, "शिट्ट्यापण मारतो." आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो. तेव्हाच म्हणायचं होतं, की बाई गं, ये एकदा, मला या घरात कुठं बसावं तेच कळत नाही. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. मी बोलले नाही. उद्या चारला बोलू, म्हटलं... असे कितीतरी चार वाजून गेले.

तेराव्याला रेवानं मला साबणाची एक जुनी डबी दिली. आत खडूचे तुकडे, माझ्याच शाळेतले असणार. घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून फुल्या मारायला लागले. संगीता, आमच्याकडे कामाला येते ती, म्हणाली, "ताई, पंधरा दिवस पुसायचं नाही? लोक मला काय म्हणतील?" तिला म्हटलं, लोक सोफ्यावर बसतील, त्यांना दिसणार नाही. सोळाव्या दिवशी चष्मा लावून बघितलं. हॉलात दोन. माझ्या खोलीत तीन-चार. आणि फ्रिजशेजारी त्या बोळकांडीत फुल्यांवर फुल्या, फरशी दिसेनाशी झालेली. कुणाचा फोन येणार नव्हता, तरी मी रोज तिथंच जाऊन बसत होते.

चिन्मयनं ते पाहिलं. रविवारी त्यानं फ्रिज हातभर सरकवला आणि तिथं एक साधी लाकडी खुर्ची आणून ठेवली. खिडकीतून एक कडुनिंब दिसतो, तो इतके दिवस खाली डब्यावरून दिसत नव्हता. कुंदा, ये ना गं बघायला. घर आता बरंच माझं वाटतं, आणि हे मला फक्त तुलाच सांगायचंय. चारला मी कप घेऊन त्या खुर्चीवर बसते, फोन मांडीवर ठेवते. रेंज तिथं पूर्ण येते.