सातव्या होलचं टेकाड

साल दोन हजार चोवीस, आणि मी शहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत. नोकरी मात्र छत्तीस वर्षं एकाच जागी केली, आमच्याकडच्या लष्करी छावणीलगतच्या गोल्फच्या मैदानावर. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं हेड माळी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लेकाच्या घरी सिंगापुरात राहणाऱ्या म्हाताऱ्याला लोक नुसता आजोबा समजतात. खेळ साहेब लोकांचा असेल, गवत माझं होतं. ज्या मऊ तुकड्यावर चेंडू भोकात घालतात त्याला ग्रीन म्हणतात. माझ्या ग्रीनवर सकाळी दहिवर पडलं की त्यात एक वाकडी रेघ दिसायची नाही.

लेकाचा फ्लॅट सेंगकांगला, अकराव्या मजल्यावर. तो बँकेत आहे, ऑफिस पाया लेबारला. सूनबाई पुण्याची, कंप्युटरमधली, आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते. मला हे गाव पहिल्या दिवसापासून पटलं ते सपाट आहे म्हणून. लेक म्हणाला, इथल्या कितीतरी टेकड्या कापल्या आणि ती माती समुद्रात भरून जमीन वाढवली. मी म्हटलं, ही माणसं शहाणी. आमच्या घराण्यात चांगली जमीन म्हणजे सपाट जमीन. वडील उसाला पाणी द्यायचे तेव्हा ते शेवटच्या सरीपर्यंत एकसारखं पोचलं पाहिजे, मध्ये उंचवटा दिसला की फावडं हातात. मीही तेच शिकून मैदानावर आलो होतो.

मैदानाच्या सातव्या होलला, म्हणजे खेळाच्या सातव्या टप्प्याला, ग्रीनच्या पश्चिमेला एक टेकाड होतं. कमरेएवढं, वर रानगवत. चेंडू त्यावर आपटला की कुठंही जायचा. दोन-तीन मेंबर कुरकुरले. मी क्लबच्या सेक्रेटरींना सांगून टाकलं, आठ दिवसांत सपाट करतो.

माझा एक जोडीदार होता. घराणं मेंढपाळाचं, पुढं माझ्यासारखाच माळी झाला. वीस वर्षं आमची भाकरी एका फडक्यात. त्याची बायको माझ्यासाठी वेगळी शेंगदाण्याची चटणी द्यायची, जास्त लसणाची. तो म्हणाला, ते टेकाड राहू दे, पश्चिमेचा वारा तेच अडवतंय, छावणीतली मेंढरं उगाच त्याच्या आडोशाला बसत नाहीत. मला राग आला तो सगळ्या माळ्यांसमोर बोलला म्हणून. मग मीही सगळ्यांसमोरच बोललो.

"मेंढरांना विचारून मैदान करायचं असेल तर हेड माळी मेंढरालाच करा."

सगळे हसले. तो हसला नाही. आठव्या दिवशी टेकाड गेलं, माती चार गाड्या भरली, मी वर रोलर फिरवला. त्या दुपारी त्यानं आपल्या भाकऱ्या आपल्या फडक्यात बांधून आणल्या. त्यानंतर कामापुरतं बोलणं, आणि दोघं निवृत्त झाल्यावर तेही नाही. टेकाड जाऊन सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. गावात समोरासमोर आलो तर तो दुकानाकडं बघायचा, मी बैलगाडीकडं, गाडी असो-नसो.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. टेकाड गेलं त्यानंतर दर उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा थेट सातव्या ग्रीनवर यायचा आणि त्याची कड तांब्यासारखी लाल पडायची. मी उजाडायच्या आत जाऊन दुप्पट पाणी मारायचो. कुणी विचारलं तर पाइप बारीक आहे म्हणायचो. जोडीदाराला सगळं कळत होतं. तो एक शब्द बोलला नाही. ते मला जास्त लागायचं.

या वर्षी जूनमध्ये बातमी आली की त्याची बायको गेली. सूनबाईनं कुठूनसा त्याचा नंबर मिळवून माझ्या फोनमध्ये घातला. म्हणाली, बाबा, दोन शब्द बोला. मी म्हटलं, उद्या करतो. मला वाटायचं, मी फोन केला म्हणजे अबोला पहिल्यांदा मी मोडला. असे पाच आठवडे उद्या झाले. ती विचारायची थांबली. नंबर तसाच.

जुलैतला गुरुवार. सूनबाई घरी होती. जेवण झालं, तिनं जेवणाच्या टेबलावरच कंप्युटर मांडला, कानाला ते यंत्र लावलं, आणि मी टीव्हीवर गोल्फ लावलं. जगातली सगळ्यात जुनी नि मोठी स्पर्धा, दर वर्षी समुद्राकाठच्या कुठल्या तरी मैदानावर असते. या खेपेला स्कॉटलंडमध्ये. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या मैदानाचा इतिहास दाखवत होते.

मला आधी वाटलं पडीक जमीन दाखवतायत. पिवळं गवत, काटेरी झुडपं, आणि उंचवट्यांना तर काही धरबंधच नाही. कुणी गालिचा झटकायला घेतला आणि मध्येच टाकून निघून गेलं, तशी जमीन. मी सूनबाईला विचारलं, मैदान तयार करायच्या आधीचं दाखवतायत का हे?

तिनं एक कान मोकळा केला. "नाही बाबा, हेच मैदान आहे. तासाभरात मॅच इथंच सुरू होणार."

"मग माळी कुठं मेलेत?"

ती हसली, पण खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि टीव्हीवरचं इंग्रजी मराठीत सांगत गेली. जुने फोटो आले. कोट, टाय, डोक्यावर टोप्या, छातीपर्यंत दाढ्या. दीडशे वर्षांच्या वर झाली म्हणे ही स्पर्धा सुरू होऊन. अगदी सुरुवातीला कप नव्हताच, जिंकणाऱ्याला कमरेचा चामडी पट्टा द्यायचे. आणि त्या पहिल्या जिंकणाऱ्यांत काहीजण मैदानाची निगा राखणारेच होते.

मी म्हटलं, पुन्हा सांग.

तिनं मागं नेऊन पुन्हा लावलं. "निगा राखणारे, बाबा. म्हणजे माळीच की."

मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. कशासाठी ते माहीत नाही. राष्ट्रगीत लागल्यावर उठतो तसा. छत्तीस वर्षं मी साहेब लोकांना वाकून वाट दिली, आणि इकडं माझ्याच कामाची माणसं कमरेला पट्टा बांधून फोटोला उभी होती. फोटोतल्या एकाचे हात दिसत होते. बोटं जाड, नखं तुटकी. माळ्याचे हात मला दाखवायला लागत नाहीत.

मग वर्षांमागून वर्षं गेली पडद्यावरून. पँटी रुंद झाल्या, मग अरुंद. टोप्या गेल्या, चित्रात रंग आला. माणसं बदलत होती आणि मागं एक टेकाड मात्र तेच. मी ते ओळखायला लागलो होतो, एका अंगाला जरा खचलेलं. एका जुन्या खेळात एकाचा चेंडू नेमका त्यावर आपटून वाळूच्या खड्ड्यात गेला. बिचारा एका फटक्यानं हरला, टोपी तोंडावर धरून बसला. मी मनात म्हटलं, आता पुढच्या खेपेला हे टेकाड नसणार. कितीतरी वर्षांनंतरचं चित्र आलं, टेकाड तिथंच. या वेळी दुसऱ्याच कुणाचा चेंडू त्यावरून उडून भोकाशेजारी जाऊन थांबला आणि लोक वेडे झाले. इतक्या मोठमोठ्या माणसांचं नशीब त्या ढिगानं फिरवलं, पण फावडं कुणी उचललं नाही. उलट त्याला नाव ठेवलंय. खड्ड्यांनासुद्धा नावं आहेत, आपण बैलांना ठेवतो तशी.

"हे केलं कुणी?" मी विचारलं.

सूनबाई पडद्यावरचं वाचत म्हणाली, "कुणीच नाही म्हणतायत. समुद्र मागं सरला, वाळू राहिली, वाऱ्यानं उंचवटे केले. आणि हे खड्डे ना, मेंढ्यांनी केले असं लोक सांगतात. वारा लागू नये म्हणून मेंढ्या उंचवट्याच्या आडोशाला बसायच्या. बसून बसून तिथलं गवत गेलं, वाळू उघडी पडली."

मी तिला टीव्ही थांबवायला सांगितलं. तिला तेवढ्यात मीटिंगचा फोन आला, ती टेबलाशी गेली. थांबलेल्या चित्राकडं मी बघत राहिलो. जगातला एक नंबरचा खेळाडू छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता, आणि ती जागा त्याला मेंढरानं करून दिली होती.

पुढं खेळ सुरू झाला. वाऱ्यानं खेळाडूंच्या पँटी फडफडत होत्या, बघणारी माणसं उंचवट्यांवर ओळीनं बसली होती. मी दिवे लागेपर्यंत बघितलं. लेक ऑफिसातून आला, विचारलं कोण पुढं आहे. मला सांगता येईना. मी जमीन बघत होतो.

जेवताना ताटातलं तसंच राहिलं. सूनबाई म्हणाली, मेंढ्यांचं ऐकल्यापासून तुम्ही गप्प आहात. मग मी त्या दोघांना टेकाडाचं सगळं सांगितलं, पहाटेच्या पाण्यासकट. लेक म्हणाला, तरीच तुम्ही कायम पाइपला शिव्या द्यायचा. सूनबाईनं माझं ताट पुढं सरकवलं.

"मग त्यांना सांगा की."

"काय सांगू?"

"हेच. मेंढ्यांचं."

"हसेल तो मला."

"हसू दे. बायको जाऊन पाच आठवडे झालेत त्यांची. कुणीतरी हसवायलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा लवकर उठलो, फोन घेऊन खाली आलो आणि इमारतीसमोरच्या बाकावर बसलो. आपल्याकडं घड्याळ अडीच तास मागं. तो पाचला उठतो हे मला माहीत होतं, म्हणून साडेसात वाजू दिले. मग बटण दाबलं.

"कोण?"

मी सांगितलं. वहिनी गेल्याचं कळलं होतं, मी म्हटलं, फोन करायला उशीर केला. तो हं म्हणाला. आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही, म्हणून मी एका दमात बोललो.

"सातव्याचं टेकाड मी काढायला नको होतं. तुझं बरोबर होतं."



"एवढं सांगायला सिंगापूरला जावं लागलं व्हय तुला?"

मी त्याला स्कॉटलंडचं सांगितलं, मेंढरांनी केलेल्या खड्ड्यांचं सांगितलं. त्यानं विचारलं, मेंढरं कुठली, काळी का पांढरी? मी म्हटलं, त्या काळच्या फोटोत सगळंच काळंपांढरं. तो हसला, मग खोकला, मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी ऐकलं नाही असं केलं.

"बरं, आता नीट सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि समुद्र मागं सरला तिथून सुरुवात केली.