मलिकला दिलेला शब्द

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि सहा महिने खालापूरच्या घरी बसून बायकोचं डोकं खाल्लं. मग एका खासगी कंपनीतर्फे अफगाणिस्तानात गेलो. काम अमेरिकन कॅम्पच्या गाड्यांना संरक्षण देण्याचं.

माझी ड्यूटी त्यांच्या जनसंपर्क टीमबरोबर होती. सकाळी आठला गाड्यांचा कॉन्व्हॉय निघे. गावात गेलं की कॅप्टन दप्तरं आणि फुटबॉल वाटायचा, आम्ही तुमचे मित्र आहोत म्हणून सांगायचा. माणूस सरळ होता. पण त्याच कॅम्पातली दुसरी टीम रात्री जाऊन त्याच गावातली दारं तोडायची, आणि त्याला कुणी कळवायचं नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे गाव केव्हाच ओळखून होतं. पोरं दप्तरं घ्यायची. बाप कॅप्टनला चहा विचारत नसत.

मला विचारत. मी हिंदुस्तानी. गावचा मलिक, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखा, पूर्वी पेशावरला राहिलेला होता. त्याला उर्दू यायची, माझं हिंदी त्याला समजायचं.

त्याचा मुलगा जाहिर छाप्याच्या भीतीने डोंगरात राहत होता. कॅप्टन म्हणाला, "त्याला घरी आणा. कॅम्पात येऊन नाव नोंदवू दे. कुणी हात लावणार नाही."

मी ते हिंदीत मलिकला सांगितलं. त्याने कॅप्टनकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "तू बता. ये सच बोल रहा है?"

मी कॅप्टनकडे वळलो. "सर, शुअर?"

"यू हॅव माय वर्ड."

"हां चाचा," मी म्हणालो. "मेरी ज़बान."

आमच्या तालुक्यात जमीन घ्यायला मुंबईचा शेठ स्वतः येत नाही. गावातलाच एखादा ओळखीचा माणूस पुढे करतो, आणि लोक त्याच्या तोंडाकडे बघून अंगठा देतात. अशा माणसांना मी जन्मभर शिव्या घातल्या. तिथे तो माणूस मीच होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

जाहिर आला, नाव नोंदवून घरी गेला. त्याच आठवड्यात एका पहाटे मी गेटवर असताना रेडिओ बोलला, "कंपाउंड क्लिअर. वन डाउन." म्हणजे घर ताब्यात, एक ठार. पाठोपाठ घराचा नंबर आला. मलिकचं घर.

कॅप्टन कर्नलच्या ऑफिसात जाऊन ओरडला. जाहिरने नाव नोंदवल्याचं दुसऱ्या टीमला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी मलिक गेटवर आला. कॅप्टन पुढे झाला, तर त्याला हाताने बाजूला केलं.

"इससे मुझे कोई शिकायत नहीं," तो मला म्हणाला. "इसपे मैंने भरोसा किया ही नहीं था."

आणि निघून गेला.

आता गावी परतल्यावर बायको म्हणते, "गोळी काय तुमी झाडलीत? तुमाला काय ठावं व्हतं?"

"नाय गं. ठावं नव्हतं, तरी जबान दिली."

प्रजासत्ताक दिनाला शाळेत बोलावतात. शहिदांबद्दल सांगा म्हणतात. मी आमच्या पलटणीतल्या दोघांची नावं घेतो, मग जाहिरचं घेतो. यंदा मास्तरांनी विचारलं, "हा कुठल्या रेजिमेंटचा?"

"कुठल्याच नाही," मी म्हणालो. "बापाने त्याला माझ्या भरवशावर घरी बोलावलं होतं."