टेपचे चार वेढे

तेव्हा आम्ही लखनौच्या तेलीबागेत भाड्याने राहायचो आणि मी रायबरेली रोडवरच्या एका दुधाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचो. सांगलीहून डिप्लोमा करून आलेला तिथला एकटाच मराठी माणूस.

कारखान्याचा इलेक्ट्रिशियन लखनौचाच, जुन्या शहरातल्या चौक भागात राहणारा, माझ्याच वयाचा. शिक्षण दहावीपर्यंत, पण पॅनलमधलं त्याचं वायरिंग बघत राहावं असं. मॅनेजर त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे आणि मला ‘डिप्लोमा साहब’. म्हणायचे हसत, पण मला ते झोंबायचं. एकदा तो आमच्याकडे गीझर दुरुस्त करायला आला. माझी मुलगी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. त्याच्याशी मात्र ती तासभर खिदळत बसली. तो गेल्यावर बायको म्हणाली, “किती गुणी माणूस आहे!” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी ओळखणारे प्रोब बदलायचं काम निघालं. प्रोब म्हणजे कमीजास्त लांबीच्या स्टीलच्या सळ्या. पाणी सळीला टेकलं की त्यातून बारीकसा करंट बॉयलरच्या लोखंडात जातो आणि पाणी कुठवर आहे ते पॅनलला कळतं; त्यावरून ते पंप आणि बर्नर चालवतं. सगळ्यात लांब सळी कोरडी पडली, की बर्नर बंद झालाच पाहिजे. सळ्या मापात कापून सगळ्या तारांना, पंप आणि बर्नरच्याही, नंबर घालायचं काम माझं, बसवायचं आणि जोडायचं त्याचं.

वाफ गळू नये म्हणून तो सळ्या धरणाऱ्या होल्डरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळत होता. चांगले चार वेढे. माझ्या लगेच लक्षात आलं. करंट पॅनलकडे परत नेणारी अर्थिंगची तार होल्डरला होती, आणि या टेपमुळे होल्डर आणि बॉयलरचा संबंधच तुटणार होता. पाणी असूनही पॅनलला ते दिसणार नव्हतं. धोका काही नव्हता, पंप थांबला नसता आणि बर्नर पेटला नसता इतकंच. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं मी गिळून टाकलं.

दुपारी मॅनेजरांसमोर चाचणी झाली. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी वर चढत होतं आणि पॅनलवर पाणी कमी असल्याचा लाल दिवा तसाच. पंप थांबेना.

“उस्ताद, ये क्या है?” मॅनेजर ओरडले.

त्याचा चेहरा उतरला. मला आतून गोड वाटलं, खोटं कशाला सांगू? थोडा वेळ त्याला चाचपडू दिलं आणि मग मी पुढे झालो. पंप बंद केला, पाणी उतरवलं, होल्डर काढून टेप खरवडली आणि वाफ अडवणारा पण करंट जाऊ देणारा तांब्याचा वॉशर घालून तो घट्ट बसवला. पुन्हा पाणी भरल्यावर पंप बरोबर जागी थांबला. लाल दिवा विझला.

“वाह, डिप्लोमा साहब!” मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ते गेल्यावर तो चहाचे दोन ग्लास घेऊन आला. “टेप लगाते वक़्त आपने देख लिया था न?”

मी मान हलवली. “हाँ. देखा था.”

“बोल देते, भाईसाहब.”

“मुझे जलन होती है तुमसे.” कसं कोण जाणे, निघून गेलं तोंडातून.

त्याने ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “सुबह आपने दो तारों के नंबर उल्टे डाले थे. एक बर्नर की थी, एक पंप की. मैंने बदल दिए.”

ती चूक तशीच राहिली असती, तर पाणी संपल्यावर पंप बंद आणि बर्नर पेटलेलाच राहून बॉयलर फुटू शकला असता. हे त्याने मॅनेजरांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी त्याची माफी मागितली. त्याने ती सहज दिली, जणू काही घडलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही तिथे चार वर्षं एकत्र काम केलं आणि एकमेकांचं प्रत्येक काम उघडपणे तपासत राहिलो. मत्सर मात्र गेला नाही. आधी मला त्याच्या हाताचा वाटायचा. त्या दुपारपासून त्याच्या मनाचाही वाटू लागला.