नोराबाईंचं ओंडक्यांचं घर

दत्तात्रय मेस्त्री म्हणजे गुहागरकडचा पट्टीचा सुतार. शाळा सातवीपर्यंत, पुढची पन्नास वर्षं रंधा. एकदा खोताच्या मुलाच्या लग्नातला पाट ओल्या लाकडाचा निघाला, तर मेस्त्रींनी तो भर मांडवातून उचलून नेला. नवरदेव पोत्यावर बसला, लग्न लागलं, पण पाट काही परत आला नाही.

असा हा माणूस २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे, मुकुलकडे, आयर्लंडमधल्या एनिसला आला आणि कोरोनाने विमानं बंद झाल्याने अडकला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी. त्या पाचांत बघण्यासारखं एकच निघालं, रस्त्याच्या टोकाचं नोरा हेहिर या म्हातारीचं घर.

आसपास सगळी दगडाची नाहीतर विटांची घरं, आणि हे अख्ख्या ओंडक्यांचं. नोराबाईंचा नवरा मायकल लाकूड वाहणाऱ्या बोटीवर नॉर्वेला जायचा, तिथे ही विद्या शिकला. १९५३ साली त्याने एका जमीनदाराची लार्चची, म्हणजे देवदारासारखी उंच झाडं तोडली आणि घर उभं केलं. कोपऱ्यात ओंडक्यात ओंडका खाच पाडून बसवलेला, खिळा एकही नाही. प्रत्येक ओंडक्याचं पोट कोरलेलं, खालच्याच्या पाठीवर तो चपखल बसावा म्हणून. मधल्या फटीत शेवाळ ठासलेलं.

मेस्त्रींनी कोपऱ्यावर हात फिरवला. सोबत सून गिरिजा होती, दुभाषी म्हणून.

"हिला सांग गो, तुझा घोव खरा मेस्त्री होता."

नोराबाई म्हणाल्या, "घोरायचाही तसाच. ओंडके हलायचे."

पण सर्वांत खालचा ओंडका ओला दिसत होता. नोराबाईंच्या पुतण्याने बजावलं होतं, घराने हा हिवाळा नीट काढला नाही, तर काकू वृद्धाश्रमात. त्या वर्षी वृद्धाश्रमांतून काय बातम्या येत होत्या, ते साऱ्यांना ठाऊक होतं. चौऱ्याऐंशीच्या नोराबाईंना मरायचं होतं ते याच घरात.

"मी आहे ना," मेस्त्री म्हणाले.

सप्टेंबरात चार दिवस ऊन पडलं. गुहागरला पावसाआधी होडीला फासतात, तसं मेस्त्रींनी खालच्या तीन ओंडक्यांना डांबर फासलं. एक हात नाही, तीन हात. शेवाळाच्या फटीही बुजवल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना पोटभर जेवण गेलं.

पुढच्या मार्चात, मेस्त्री अजून तिथेच असताना, घराचा कोपरा खचला, दार लागेना. मेस्त्रींनी डांबर खरवडून पटाशी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. लाकूड भिजलेल्या पेंडीसारखं हातात आलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. गुहागरला चार महिने पाऊस, मग आठ महिने ऊन, लाकूड आतून सुकतं. इथे लाकूड कधी पुरतं सुकतच नाही. जे काय सुकायचं, ते वाऱ्यावर, उघड्या अंगाने. मेस्त्रींनी ओल आत कोंडली होती. पाट उचलून नेणाऱ्या माणसाने.

घरं तपासणारा सरकारी तपासनीस आला, घर राहण्यालायक नाही असं लिहून गेला.

"बाबा, घर जुनंच होतं," मुकुल म्हणाला. "कशाला सांगता तिला?"

"गिरिजा, चल गो."

दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. गिरिजाने एक शब्दही गाळला नाही.

"मायकलने या लाकडाला कधी काही लावू दिलं नाही," नोराबाई म्हणाल्या. "तुम्ही डबा उघडलात तेव्हा बोलणार होते. मग म्हटलं, सुतार आहे, त्याला कळत असेल."



एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पुतण्याची गाडी आली. नोराबाईंनी एक बॅग आणि मायकलची कुऱ्हाड घेतली. वृद्धाश्रमात कुऱ्हाड चालत नाही, असं पुतण्या म्हणाला आणि ती ओट्यावर ठेवून निघाला. गाडी वळेपर्यंत मेस्त्री हात जोडून उभे होते. मागच्या काचेतून नोराबाई घराकडे पाहत होत्या, त्यांच्याकडे नाही.